पिवळ्या ज्योतीमागे

उद्या प्रॅक्टिकलला तुम्हाला सॉल्ट ओळखायचंय म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी पोरासोरांना सांगत नाही. मिटा त्या वह्या. पावणेअकरा वाजलेत. या वेळेला डोक्यात जे कोंबाल ते परीक्षेत बाहेर येत नाही. आणि तू रे, ते दार ओढून घे. घाबरू नकोस, डास येतात म्हणून सांगतोय.

मी तीस वर्षं शाळेत कारकून होतो, हे तुम्हाला माहितीच आहे. आमच्याकडे एक केमिस्ट्रीचे सर होते. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास कसा बाटली उघडायच्या आधीच नाकात जातो, तसे सर जिन्यात असतानाच वर्गाची तोंडं वाकडी व्हायची. शिकवायचे मात्र फर्मास. दुश्मनानंही मान्य करावं. पण पोरगं चुकलं की सरांच्या डोळ्यांत एक चमक यायची, मांजराला उंदीर दिसल्यासारखी. अशी माणसं मास्तर का होतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता जे सांगतो ते सरांनी स्वतः माझ्यासमोर बसून सांगितलेलं आहे. मी पदरचं एक अक्षर घालत नाही.

चार वर्षं झाली. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बोर्डाचं प्रॅक्टिकल, बाहेरचे परीक्षक येणार. आदल्या रात्री सॉल्ट भरायची, ही सरांची जुनी पद्धत. चाळीस छोट्या नळ्या, प्रत्येकीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, याची एकच यादी, आणि ती सरांच्या वरच्या खिशात. दिवसा भरली तर पोरं खिडकीतून डोकावतात, शिपायाला पटवतात. म्हणून रात्री, एकट्यानं.

साडेदहाला सर जेवून निघाले. शाळा घरापासून चार मिनिटांवर. जाताना बायकोला बजावलं, "मोजमापाचं काम आहे, मधे फोन करू नकोस." लेक आपल्या खोलीत दार लावून झोपली होती. बारावीला होती, तिचंही प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशीच. संध्याकाळी चार ते सहा सरांनीच तिला प्रयोगशाळा उघडून दिली होती, हवा तेवढा सराव कर म्हणून. एकुलती एक लेक. जगात या माणसाला कोणाची माया असेल तर तिची. तिच्यासमोर सल्फाइडचा वास जायचा, हे खोटं कशाला बोलू? शेजारी राहायचो, ऐकू यायचं. रात्री बाप-लेक गप्पा मारत बसायचे आणि सर चक्क हसायचे.

असो. सरांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, दिवे लावले, कपाट उघडलं. वर्तमानपत्र पसरून त्यावर चाळीस नळ्या मांडल्या. एक, दोन, तीन... चमचा घालायचा, भरायचं, बूच लावायचं. हाताला सवय होती. सोळा नळ्या झाल्या. सतरावा नंबर होता मीठ. साधं मीठ, सोडियम क्लोराइड. हा सरांचा लाडका सापळा. पोरं रसायनं घालून धातूंच्या गटामागून गट तपासत जातात, साका येत नाही, म्हणजे नळीत गाळ बसत नाही, काही सापडत नाही, घाम फुटतो. सरांना त्यात भारी गंमत वाटायची.

कपाटात मिठाच्या दोन बाटल्या होत्या. एक पुढे, नवी. एक पार मागे, कोपऱ्यात, धूळ खात. दोन्हींवर चिठ्ठी एकच, सोडियम क्लोराइड. सर कायम पुढचीच घ्यायचे.

त्या रात्री मागची बाटली पुढे होती. आणि तिच्यावरच्या धुळीत बोटं उमटली होती.

थांबा. त्या बाटलीचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याच्या तीन वर्षं आधी वर्गात एक मुलगी होती. डाव्या हातानं लिहायची, म्हणून डावरी म्हणायचे तिला सगळे. हुशार, आणि तोंडावर खरं बोलणारी, एवढाच काय तो दोष. स्कॉलरशिपवर शिकत होती. मार्क घसरले की स्कॉलरशिप बंद, आणि स्कॉलरशिप बंद म्हणजे शाळा बंद. पूर्वपरीक्षेत तिला सरांचा सापळा आला. वीस मिनिटांत तिनं हात वर केला. "सर, बेरियम."

सरांनी खिशातली यादी काढून बघितली. "मीठ आहे ते."

"सर, ज्योत हिरवी आली. सल्फ्युरिक घातलं तर पांढरा साका आला. हा बघा..."

तिनं नळी पुढे केली. सरांनी नळीकडे बघितलं नाही. त्यांनी परत यादीकडे बघितलं. आणि यादी बरोबरच होती हो! खोटी होती ती बाटली. वर्षभरापूर्वी बाटल्या कमी पडल्या म्हणून सरांनीच मिठाच्या रिकाम्या बाटलीत बेरियम क्लोराइड ओतून ठेवलं होतं. चिठ्ठी उद्या बदलू म्हणाले. उद्याचं परवा झालं, आणि मग विसरले. स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात साखर सापडली तर आपण हसतो. तिथं हसून भागत नाही.

"मीठ आहे की नाही, चाखून बघ," सर म्हणाले.

"सर, बेरियम असेल तर विष आहे ते."

"असेल तर? म्हणजे तुझी तुलाच खात्री नाही! खात्री नसताना लिहितेस कशाला? चाख. नाहीतर शून्य घे आणि घरी जा."

वर्ग हसला. तुमच्याच वयाची पोरं होती. तुम्हीही हसला असता, माना खाली घालू नका. तिनं इकडेतिकडे बघितलं. मग तिनं चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं.

"चिमटीनं काय कळतंय? चमचाभर घे."

तिनं घेतलं.

"कसं लागलं?"

"...खारट."

"मग लिही."

तिनं बेरियम खोडलं आणि सोडियम लिहिलं. सरांनी वीसपैकी सहा दिले. बाकीचे हट्टीपणाचे कापले, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

संध्याकाळी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर सरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी तिच्या नळीतलं उरलेलं तारेवर घेऊन ज्योतीत धरलं. हिरवी आली. स्वच्छ हिरवी. सरांनी तार धुतली, खुंटीला लावली आणि घरी जाऊन चहा प्यायले. चहा प्यायले, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

रात्री नऊला हॉस्पिटलमधून मुख्याध्यापकांना फोन, मुख्याध्यापकांनी धाडलं सरांना. पोरगी कॉटवर, हातपाय लुळे, जीभ हलत नव्हती. डोळे तेवढे उघडे. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत काही खाल्लं का हिनं? एखादं रसायन वगैरे?"

ती सरांकडे बघत होती.

"नाही," सर म्हणाले. "आमच्याकडे असं काही होत नाही."

एक शब्द बोलायचा होता, बेरियम. तो शब्द तिनं वर्गात बोंबलून सांगितला होता. पहाटे गेली. कागदावर लिहिलं गेलं, अन्नातून विषबाधा. चाळीस पोरांनी तिला चाखताना बघितलं होतं, पण त्यांच्या लेखी ते मीठच. मिठानं कोण मरतं? उलट पोरांनी त्यातून युक्ती काढली. सल्फाइडचं सॉल्ट कुठल्याच गटात बसेना झालं की गुपचूप जिभेला लावायचं. खारट लागलं की लिहायचं सोडियम, आणि मोकळं व्हायचं. एका बॅचनं दुसऱ्या बॅचला शिकवलं. सरांच्या कानावर हे कधीच आलं नाही. आणि ती बाटली? फेकायची तर स्टॉकच्या रजिस्टरात लिहावं लागेल, का फेकली ते सांगावं लागेल. म्हणून ढकलली मागे. चिठ्ठी तीच. खाई त्याला खवखवे म्हणतात. या माणसाला तीन वर्षं काही खवखवलं नाही.

तर आता त्या रात्री. सर बाटलीकडे बघत उभे. धुळीत बोटं. बारीक बोटं, मुलीची.

अकरा चाळीसला फोन वाजला. बायको.

"अहो, तुम्ही लगेच या. आम्ही हॉस्पिटलात आहोत. तिला संध्याकाळपासून उलट्या होत होत्या..."

"संध्याकाळपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"तीच म्हणाली, बाबांना सांगू नकोस, परीक्षेला घाबरले म्हणून ओरडतील. दार लावून घेतलं होतं हो तिनं. आता म्हणते पाय उचलत नाहीत. शेजारच्यांच्या गाडीतून आणलं..."

ती गाडी माझी होती. मागच्या सीटवर ती पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि मला म्हणत होती, काका, सावकाश चालवा. बाबांना कळवू नका.

मग फोन डॉक्टरांनी घेतला. तेच डॉक्टर.

"सर, वेळ कमी आहे, नीट ऐका. हिच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, अंगातली ताकद जातेय. हे एका जातीच्या विषानं होतं. ते विष असेल तर माझ्याकडे सुई आहे, उतरेल. पण ते नसेल आणि मी ती सुई दिली, तर सुईच जीव घेईल. आमची लॅब सकाळी उघडते. तोवर ही थांबणार नाही. मला पदार्थ सांगा. काय गेलंय हिच्या पोटात?"

सरांची नजर त्या बाटलीवर गेली.

"तीन वर्षांपूर्वी तुमच्याच शाळेतली एक मुलगी अशीच आली होती," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही मी तुम्हालाच विचारलं होतं."

"...दहा मिनिटं द्या," सर म्हणाले. "बघून सांगतो."

तिसऱ्या टेबलावर लेकीचा सराव तसाच पडला होता. पाच नळ्या, तार, वॉच ग्लासच्या काचबशीत दोन थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि कागद. कागदावर तिचं गोल गोल अक्षर. नमुना तीन. गट नाही. खारट. सोडियम क्लोराइड.

खारट.

त्या एका शब्दावर सर किती वेळ उभे राहिले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पोरीनं घेतलं होतं ते कुठल्या बाटलीतून? पुढच्या की मागच्या? पुढच्या असेल तर मीठ, आणि आजार दुसराच काहीतरी. मागच्या असेल तर... नळीत तळाशी चिमूटभर उरलं होतं. पांढरं. मीठही पांढरंच असतं.

तुम्ही मला सांगा, अशा वेळी काय कराल? हां, बरोबर बोललास. पाण्यात विरघळवायचं, सल्फ्युरिकचा थेंब टाकायचा. साका आला तर बेरियम. अर्ध्या मिनिटाचं काम. पण बाटल्या होत्या स्टोअरमध्ये. दुपारी परीक्षक येऊन बघून गेले तेव्हाच परीक्षेची सगळी ॲसिडं आत ठेवून दाराला कागदी सील लावलं होतं, त्यावर त्यांची सही; लेकीच्या सरावापुरतं बाहेर ठेवलेलं तिनं संपवलं होतं. किल्ली सरांच्याच जुडग्यात. सील म्हणजे हो काय? वीतभर कागद! पण तो फाटला की सकाळी जबाब आला. रात्री बारा वाजता का फाडलंत? कोणासाठी? कुठल्या बाटलीमुळे?

सर किल्ली हातात घेऊन त्या दारासमोर उभे राहिले. पोटची पोर तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि हा माणूस वीतभर कागदाकडे बघतोय.

मग ते मागे फिरले. ज्योत पुरेल, म्हणाले. ज्योत कधी खोटं बोलत नाही.

बर्नर पेटवला. तार तापवली. तळव्यांना घाम सुटला होता. तार घसरली, ती त्यांनी टोकाला धरून सावरली. ॲसिडात बुडवली. नमुन्यात टेकवली. ज्योतीत धरली.

आणि समोरच्या टेबलावर काच वाजली.

नळी स्टँडमध्ये ठेवताना वाजते ना, तेवढीच.

सरांनी मान वर केली नाही. त्यांना फक्त टेबलाची पलीकडची कड दिसत होती. तिथं एक बर्नर पेटला होता. त्याला गॅसची रबरी नळी जोडलेली नव्हती. तरी पेटला होता. आवाज न करता.

एक हात पुढे आला. डावा.

त्या हातात तार होती.

"सर," आवाज आला. हळू. वर्गात विचारतात तसा. "माझं झालं."

सरांनी डोळे आपल्या ज्योतीवर रोखले. ज्योत पिवळी होती. पिवळीधमक.

"सर, बघा ना. साका आलाय."

पिवळी. सोडियम. मीठ. सरांनी श्वास सोडला.

"सर... हिरवी आली. इकडे बघा."

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. टेबलाच्या त्या बाजूला, भिंतीवर, कपाटाच्या काचांवर, सगळीकडे हिरवा उजेड पडला होता. सरांच्या हातावरही पडला होता. तरी त्यांनी बघितलं नाही.

"मला ठाऊक आहे तू कशाला आलीस," सर म्हणाले. "मी बेरियम म्हणावं. त्यांनी सुई द्यावी. माझी पोर मरावी. सूड घ्यायचाय तुला."



"...नाही सर."

"खोटं दाखवतेस तू."

"नाही सर. मी तेव्हाही खोटं दाखवलं नव्हतं."

फोन वाजला. डॉक्टर. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

"सर, काय आहे?"

समोरून आवाज आला. अगदी जवळून. "सर, बरोबर आहे ना माझं? बरोबर असेल तर एकदा बरोबर म्हणा. मला दुसरं काही नको."

"सर? खात्रीनं सांगा. मी सुई भरून उभा आहे."

सरांनी आपल्या पिवळ्या ज्योतीकडे बघितलं. खिशातल्या यादीवर हात ठेवला.

"मीठ आहे, डॉक्टर. साधं मीठ. सुई देऊ नका."

"नक्की?"

"मी वीस वर्षं हेच करतोय. नक्की."

फोन बंद झाला.

पलीकडे कागदाचा आवाज आला. आणि अगदी हळू...

"मग मी खोडू का सर?"

सर ओरडले. काय ओरडले ते त्यांना आठवत नाही. मान वर केली तेव्हा टेबल रिकामं होतं. बर्नर विझलेला, थंड. हिरवा उजेड मात्र गेला नव्हता. कपाटाच्या काचांवर होता. भिंतीवर होता. सरांच्या बाहीवर होता.

त्यांनी हळूहळू आपल्या हाताकडे बघितलं.

तार अजून ज्योतीत होती. पिवळा रंग जळून गेला होता. त्याच्या मागून हिरवी आली होती. त्यांच्याच तारेवर. त्यांच्याच ज्योतीत.

तुम्हाला हे उद्या उपयोगी पडेल, लक्षात ठेवा. घामात मीठ असतं. घामेजल्या बोटानं तारेला हात लावला की पहिला पिवळाच रंग येतो, आणि तो बाकी सगळं झाकतो. बेरियम लाजरा, तो उशिरा येतो. थांबावं लागतं. सर हे दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायचे, फळ्यावर दोन रेघा मारून. त्या रात्री त्यांना दिसलं ते त्यांच्याच हाताचं मीठ.

सरांनी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. परत. बायकोला लावला. वाजत राहिला. सर चपला तिथंच टाकून पळाले. जिन्यात असताना बायकोनं फोन उचलला.

"बेरियम!" सर ओरडले. "त्यांना सांग, बेरियम आहे! सुई द्या म्हणावं! ऐकतेस का? बेरियम!"

तिकडून नुसती कोणाची तरी पावलं ऐकू आली.

"अगं, सांग ना त्यांना!"

"अहो..." ती म्हणाली.

आणि मग काहीच नाही. नुसता श्वास... तिचा एकटीचा.

मी तिथंच बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात ती सुई होती, भरलेली, टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ मरणं बघितली, पण त्या सुईकडे बघून मला जसं रडू आलं तसं कधी आलं नाही.

सर अजून जिवंत आहेत. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. सरांनी सगळं कबूल केलं, पोलिसांपुढे, डावरीच्या आईबापांपुढे, माझ्यापुढे. तिच्या बापानं काय केलं माहितीये? मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे तिचं उत्तर बरोबर होतं?" सर हो म्हणाले. बाप उठून गेला. एकच शब्द होता, पोरांनो, आणि तो बोलायला या माणसाला दोन पोरी लागल्या.

काय म्हणालास? सरांना भास झाला असेल? असेल बाबा. अपराधी मनाला काय काय दिसतं. त्याच रात्री हॉस्पिटलच्या बाकावर सरांनी सांगितलं, तेव्हा मीही तेच म्हणालो. सकाळी सहापर्यंत म्हणत होतो.

सहा वाजता शिपायाचा फोन आला. तो बिचारा काहीच ठाऊक नसताना प्रॅक्टिकलची तयारी करायला आला होता. मी हॉस्पिटलातून तसाच शाळेत गेलो. स्टोअरचं सील जसंच्या तसं, परीक्षकांच्या सहीसकट. आत एकाही बाटलीला हात लागलेला नाही. तो मला तिसऱ्या टेबलाकडे घेऊन गेला आणि लांबच उभा राहिला.

टेबलावर एक उत्तरपत्रिका होती. शाळेचीच, छापील. कृती, निरीक्षण, अनुमान. पहिल्या ओळी डावरीच्या अक्षरात. तिचे स्कॉलरशिपचे फॉर्म दर वर्षी मीच तपासायचो, तिचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. नमुना पांढरा. पाण्यात विरघळतो. सल्फ्युरिक घातल्यावर पांढरा साका. सगळं शिस्तीत. एकही खाडाखोड नाही.

सॉल्ट एकेकट्यानं करायचं असतं, नियमच आहे. त्या कागदावर मध्यापासून अक्षर बदललं होतं. गोल गोल, टपोरं, शेजारी पडलेल्या सरावाच्या कागदावरचंच. ज्योत आधी पिवळी, थांबल्यावर हिरवी. अनुमान, बेरियम. आणि त्याच अक्षरात खाली वेळ घातली होती, पाच वाजून चाळीस मिनिटं, पहाट.

मी तो कागद उचलला. शाई ओली होती, माझा अंगठा निळा झाला.